डिस्चार्जनंतरची सिगरेट : अ‍ॅपने सुटते की नाही, हे तपासायचं कसं?

रातपाळी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, कारण एकटीच्या डोक्याने हे सुटेना.

मी हृदयरोगाच्या वॉर्डात नर्स आहे. आमच्या विभागाने एक चाचणी करायचं ठरवलं आहे. सिगरेट ओढणारे जे रुग्ण भरती होतात, त्यांना घरी जाण्याआधी मोबाइलमध्ये धूम्रपान सोडवणारं एक अ‍ॅप घालून द्यायचं आणि त्याचा खरंच उपयोग होतो का ते बघायचं. आराखडा लिहिणाऱ्या गटात मलाही घेतलंय, कारण रुग्णांशी सगळ्यात जास्त बोलणं आम्हा नर्सेसचंच होतं. माझ्या वाट्याला आलेला प्रश्न ऐकायला साधा आहे: 'उपयोग झाला' असं कधी म्हणायचं?

हा प्रश्न माझ्या मनात का रुतून बसलाय ते सांगते. पन्नाशीचे एक काका, अँजिओप्लास्टी होऊन तिसरा दिवस. पहाटे तीनला बीपी घ्यायला गेले तर टक्क जागे. म्हणाले, "सिस्टर, बहात्तर तास झाले. एक झुरका नाही. सुटली बघा." त्यांचा चेहरा असा काही उजळला होता की मीही विश्वास ठेवला आणि फाइलवर 'धूम्रपान बंद' असं लिहून टाकलं. अडीच आठवड्यांनी ते तपासणीला आले, तेव्हा शर्टाच्या खिशात पाकिटाचा चौकोन स्पष्ट दिसत होता. माझी नजर तिकडे गेलेली त्यांना कळली. त्यांनी खिशावर हात ठेवला आणि दुसरीकडे बघायला लागले. फाइलमध्ये माझ्या अक्षरातलं 'बंद' तसंच होतं.

वॉर्डात सिगरेट ओढता येत नाही, म्हणून ती बंद असते. त्याला सुटणं म्हणता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. आता अ‍ॅप बनवणाऱ्यांचं माहितीपत्रक माझ्यासमोर आहे. त्यात लिहिलंय की वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांची सिगरेट सुटली. मला ते वाक्य खरं ठरलेलं हवं आहे, अगदी मनापासून. पण या वेळी फाइलवर काही लिहिण्याआधी नीट तपासायचं आहे. जाणकारांनी मदत करावी.

आकडेमोड

धागा आवडला. संख्याशास्त्र हा माझा रोजचा उद्योग आहे, तेवढ्यापुरतं लिहितो.

'बहुतेक' हा शब्द कशाला कशाने भागून आला, हे त्या माहितीपत्रकवाल्यांना आधी विचारा. समजा १०० रुग्णांना अ‍ॅप दिलं. सहा महिन्यांनी फोन केले, तर ६० जणांनीच उचलले. त्यांतले ३० म्हणाले, 'सोडली'. तिसाला साठाने भागलं की ५० टक्के, शंभराने भागलं की ३० टक्के. माणसं तीच, सिगरेटही तीच, पण निकाल केवढा बदलला. ज्या ४० जणांनी फोन उचलला नाही ते ओढत आहेत असंच धरायचं, हा या क्षेत्रातला मान्य नियम आहे. २००५ साली रॉबर्ट वेस्ट आणि सहकाऱ्यांनी 'रसेल स्टँडर्ड' नावाने निकष मांडले, त्यात हे स्वच्छ लिहिलं आहे. किमान सहा महिने पाठपुरावा, त्या काळात जास्तीत जास्त ५ सिगरेटींची सूट, तोंडी उत्तरावर न थांबता शारीरिक चाचणी, आणि संपर्काबाहेर गेलेला प्रत्येक जण ओढणारा.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. अ‍ॅप न देताही काही जण सोडणारच होते. छातीत कळ येऊन स्ट्रेचरवर पडलेला माणूस स्वतःच्या जिवाला घाबरलेला असतो, आणि ती भीती पुष्कळांची सिगरेट सोडवते. समजा अ‍ॅप न दिलेल्या १०० जणांतल्या २५ जणांनी सोडली, तर तुमच्या ३० मधले अ‍ॅपचे फक्त ५. म्हणून तुलनेचा गट हवाच, आणि कोण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टर, नर्स किंवा रुग्ण यांच्यापैकी कुणीही ठरवायचं नाही. संगणकाने ठरवायचं, आणि रुग्णाचं नाव नोंदून होईपर्यंत ते कुणाला दिसताही कामा नये.

रातपाळी

शेवटच्या वाक्यावर अडले. का दिसू नये? आम्ही काही लबाडी करणार नाही हो.

आकडेमोड

लबाडीची गरजच पडत नाही, ताई. तुम्ही वर लिहिलंत ना, त्या काकांचा चेहरा उजळला होता म्हणून. पुढचं नाव अ‍ॅपच्या गटात जाणार हे तुम्हाला आधी ठाऊक असेल आणि समोर एक उत्साही, होतकरू रुग्ण असेल, तर तुम्ही त्याला आपसूक आज विचाराल. चिडचिड्या माणसाला उद्यावर ढकलाल. मन चांगलं असलेली माणसंच असं करतात. महिनाभरात अ‍ॅपच्या गटात सगळे जिद्दीचे लोक जमा झालेले असतील.

रातपाळी

पटलं. मी अगदी असंच केलं असतं.

एकश्वास

मी रुग्णाच्या बाजूने लिहितो. तीन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक आला, त्याआधी सव्वीस वर्षं ओढत होतो. डिस्चार्जच्या वेळी असंच एक अ‍ॅप मला देण्यात आलं होतं. कुठलं ते सांगत नाही.

पहिले दहा दिवस त्याने मला खरोखर सांभाळलं. त्यात एक बटण होतं: 'तलफ आली'. दाबलं की पडद्यावर एक वर्तुळ फुगायचं आणि मिटायचं, त्याच्याबरोबर श्वास घ्यायचा. पहाटे चारला सगळं घर झोपलेलं असताना मी संडासात बसून ते वर्तुळ बघत असे. इतक्या वर्षांची पहिली सिगरेट त्याच जागी, त्याच वेळी असायची. चार-पाच मिनिटांत तलफ ओसरते हे मला कुणी सांगून पटलं नसतं, ते त्या वर्तुळाने पटवलं. एवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

बाराव्या दिवशी एकाच्या अंत्यविधीला गेलो. बाहेर सगळे उभे होते, कुणीतरी पाकीट पुढे केलं, मी घेतली. एकच. घरी येऊन प्रामाणिकपणे अ‍ॅपमध्ये नोंदवली. पडद्यावर मोठ्या अक्षरात 'धूरमुक्त दिवस : १२' असं असायचं, तिथे शून्य आलं. बारा दिवस ज्या आकड्याकडे बघून काढले तो एका क्षणात पुसला गेला. त्या रात्री मी अ‍ॅप काढून टाकलं आणि दुसऱ्या दिवशी पाकीट विकत आणलं. पुढचे चार महिने ओढत होतो. त्या काळात दवाखान्यातून दोनदा फोन आला. नंबर ओळखीचा होता, म्हणूनच उचलला नाही.

शेवटी कशी सुटली ती वेगळी कथा आहे, त्यात औषधं आहेत आणि एका समुपदेशक बाईंचे दर आठवड्याचे फोन आहेत. पण तुमच्या चाचणीसाठी सांगतो: फोन न उचलणाऱ्यांना ओढणारे धरायचं, हा आकडेमोड यांनी सांगितलेला नियम ऐकायला कठोर वाटतो. माझ्या बाबतीत तो शंभर टक्के खरा होता.

श्वासनलिका

एकश्वास, इतकं मोकळेपणाने लिहिल्याबद्दल तुमचे आभार. रोज बाह्यरुग्ण विभागात बसूनही हे असं ऐकायला मिळत नाही.

मी छातीविकारतज्ज्ञ आहे, त्यामुळे शारीरिक चाचणीबद्दल लिहिते. सोपा पर्याय म्हणजे श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजणं. हातात मावेल असं यंत्र असतं. रुग्णाला श्वास भरून पंधरा सेकंद रोखायला सांगायचं, मग हळूहळू नळीत सोडायला. आकडा लगेच दिसतो. पूर्वी १० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांतले किती भाग, त्याचं माप) खाली आलं की न ओढणारा समजत, आता ५-६ पीपीएमची कडक रेषा सुचवली जाते. अडचण अशी की हा वायू शरीरातून लवकर जातो. चार-पाच तासांत निम्मा होतो. म्हणजे काल सकाळी ओढली आणि आज दुपारी तपासायला आलात तर यंत्राला पत्ता लागेलच असं नाही. आणि रातपाळी, तुमच्या वॉर्डासाठी खास सूचना: ऑक्सिजन लावलेल्या रुग्णाचा कार्बन मोनॉक्साइड आणखी झपाट्याने उतरतो. त्यामुळे भरतीच्या वेळचा आकडा 'हा मुळात कमीच ओढायचा' असं सांगून दिशाभूल करू शकतो.

दुसरा पर्याय लाळेतलं कोटिनीन. निकोटिनचं शरीरात रूपांतर होऊन ते बनतं. निकोटिन दोनेक तासांत निम्मं होतं, कोटिनीनला साधारण सोळा तास लागतात, त्यामुळे दोन-तीन दिवस मागचं कळतं. लाळेचा नमुना घरून टपालानेही येऊ शकतो. पण निकोटिनचे पॅच किंवा च्युइंगम चालू असतील, तर कोटिनीन सापडणारच. तो माणूस नियमाने औषध घेतोय आणि आपण त्याला ओढणारा ठरवू. अशा रुग्णांसाठी कार्बन मोनॉक्साइड, बाकीच्यांसाठी कोटिनीन, असं आधीच लिहून ठेवा. निकाल हातात आल्यावर ठरवायला बसू नका.

एक वेगळाच मुद्दा, जो अ‍ॅपवाल्यांच्या लक्षात क्वचित येतो. धुरातल्या घटकांमुळे यकृतातलं सीवायपी१ए२ हे औषधांचं विघटन करणारं एन्झाइम जास्त काम करतं. सिगरेट सुटली की ते मंदावतं आणि काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढतं. दम्यासाठीचं थिओफिलिन आणि मानसिक आजारासाठीचं क्लोझापीन ही ठळक उदाहरणं. ओढणाऱ्या माणसाला बसवलेला डोस न ओढणाऱ्याला जास्त होऊ शकतो. तुमचं अ‍ॅप यशस्वी ठरलं तर हे घडणारच आहे. तेव्हा घरी गेलेल्या रुग्णाची औषधं कोण बघणार, याची ओळ आराखड्यात असू द्या. आणि रुग्णांनी स्वतःहून डोस कमीजास्त करू नये, हेही त्यांना सांगा.

दुसरीबाजू

सगळं वाचलं. मनापासून एक शंका आहे. अ‍ॅपने कुणाचं नुकसान तर होत नाही. औषध नाही, सुई नाही. मग इतकी मोठी चाचणी, अर्ध्या लोकांना मुद्दाम वंचित ठेवणं, सहा महिने थांबणं, हे कशासाठी? सगळ्यांना देऊन टाका, ज्याला फायदा होईल त्याला होईल.

रातपाळी

मलाही सुरुवातीला हेच वाटलं होतं. पण वॉर्डात काय होईल ते मी डोळ्यांसमोर आणू शकते. आज डिस्चार्जच्या आदल्या दिवशी आम्ही प्रत्येक धूम्रपान करणाऱ्याजवळ पंधरा-वीस मिनिटं बसतो, घरच्यांना बोलावतो, काहींना नंतर फोन करतो. तो वेळ कसाबसा काढलेला असतो. उद्या 'अ‍ॅप दिलंय ना' असं झालं, की पहिली कात्री त्या वीस मिनिटांना लागेल. मग अ‍ॅप निरुपयोगी निघालं तर त्या रुग्णाच्या हातात काहीच उरलं नाही. नुकसान ते आहे.

वंचित ठेवण्याबद्दल म्हणाल तर तुलनेच्या गटालाही समुपदेशन, निकोटिनचे पॅच, जे नेहमी देतो ते सगळं मिळणार. अ‍ॅप तेवढं नाही. आणि ते उपयोगी आहे की नाही हे कुणालाच माहीत नसताना, ते न मिळणं याला वंचित तरी कसं म्हणायचं?

मध्यमा

मी सार्वजनिक आरोग्यात संशोधन करते. आजवर काय सापडलंय ते थोडक्यात मांडते, म्हणजे दुसरीबाजू यांची शंका अधिक फिटेल.

रुग्णालयात सुरू केलेल्या मदतीबद्दलचा पुरावा बराच पक्का आहे. कॉक्रेन ही वैद्यकीय पुरावे गोळा करून तपासणारी संस्था; तिच्या २०१२ सालच्या आढाव्यात ५० चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. भरती असताना समुपदेशन सुरू करून घरी गेल्यावर निदान महिनाभर चालू ठेवलं, तर सोडणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांनी वाढलं, म्हणजे एरवी १०० जण सोडत असतील तिथे १३७. डिस्चार्जच्या दाराशी मदत थांबवली तर फायदा दिसला नाही. आपल्या अ‍ॅपची जागा नेमकी तिथे आहे, घरी गेल्यानंतरच्या त्या महिन्यात.

मोबाइलबद्दल दोन वेगळ्या गोष्टी लोक एकत्र करतात. साध्या मेसेजचा पुरावा चांगला आहे. ब्रिटनमधल्या टेक्स्टटूस्टॉप चाचणीत ५,८०० लोक होते, निकाल २०११ मध्ये आला. सहा महिने सतत न ओढणारे, आणि तेही शारीरिक चाचणी करून खात्री केलेले, मेसेजच्या गटात १०.७ टक्के आणि तुलनेच्या गटात ४.९ टक्के. तुलनेच्या गटालाही मेसेज जात होते, फक्त त्यांत सिगरेट सोडण्याबद्दल काही नव्हतं. ही युक्ती मला फार आवडते, कारण 'आपली कुणीतरी विचारपूस करतंय' एवढ्याचाच परिणाम असेल तर तो दोन्हीकडे सारखा झाला.

अ‍ॅपचं चित्र इतकं स्वच्छ नाही. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात अ‍ॅपच्या फक्त पाच चाचण्या सापडल्या, आणि साध्या मदतीपेक्षा अ‍ॅप सरस असल्याचं त्यांतून दिसलं नाही. पुरावाही फार कमकुवत होता. २०२० मध्ये अमेरिकेतली आयकॅनक्विट या अ‍ॅपची २,४१५ जणांवरची चाचणी आली. त्यात तलफ दाबून टाकायला न शिकवता ती येऊ द्यायला, बघायला आणि जाऊ द्यायला शिकवतात. बारा महिन्यांनी गेले ३० दिवस न ओढलेले २८.२ टक्के, तर दुसऱ्या, नेहमीच्या पद्धतीच्या अ‍ॅपच्या गटात २१.१ टक्के. आशा वाटावी असाच निकाल. पण ती उत्तरं लोकांनी स्वतः सांगितलेली होती आणि ते रुग्णालयात भरती झालेले लोक नव्हते.

आकडेमोड

मध्यमा, हेल्पिंग हँडबद्दलही लिहा ना. या धाग्यासाठी त्याहून जवळचं उदाहरण नाही.

मध्यमा

हो, ते राहिलंच. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधली चाचणी, २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. ३९७ रुग्ण, सगळे सोडायची इच्छा असलेले. एका गटाला घरी गेल्यावर ९० दिवसांची औषधं मोफत आणि संगणकाकडून आपोआप येणारे फोन, ज्यात 'मला कुणाशी तरी बोलायचंय' असं सांगितलं की समुपदेशक परत फोन करायचे. दुसऱ्या गटाला फक्त सल्ला. सहा महिन्यांनी शारीरिक चाचणीने खात्री केलेले न ओढणारे: २६ टक्के विरुद्ध १५ टक्के. सगळ्यांना वाटलं, मार्ग सापडला.

मग तीन रुग्णालयांत, १,३५७ रुग्णांवर दुसरी चाचणी केली. निकाल २०१६ मध्ये आला. सहा महिन्यांनी १७ टक्के विरुद्ध १६ टक्के, म्हणजे फरक जवळपास नाहीच. या वेळी फोनवरचं समुपदेशन रुग्णालयाबाहेरच्या सेवेकडे होतं. तेच कारण होतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण एका ठिकाणी चाललेली गोष्ट दुसरीकडे तशीच चालेल असं धरून चालता येत नाही, हे त्या दोन आकड्यांतून दिसतं. दुसरी चाचणी झालीच नसती तर आपण सगळे आजही २६ आणि १५ सांगत बसलो असतो.

दुसरीबाजू

हे मला माहीतच नव्हतं. शंका मागे घेतो. चाचणी कराच.

थोरली

माझे वडील सत्तरीचे, गेल्या वर्षी फुफ्फुसाच्या त्रासाने भरती होते. त्यांनाही एक अ‍ॅप दिलं होतं. त्यांचा फोन म्हणजे हिरवं बटण आणि लाल बटण. म्हणून अ‍ॅप माझ्या फोनवर घातलं. रोज संध्याकाळी विचारणा यायची, 'आज सिगरेट ओढली का?' मी स्वयंपाकघरातून ओरडून विचारायचे, "बाबा, ओढली का?" ते तिकडून म्हणायचे, "नाही." मी 'नाही' दाबायचे. एकदा गच्चीवर कपडे काढायला गेले तर कुंडीत थोटकं. त्या संध्याकाळीही मी 'नाही'च दाबलं. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. वाटलं, 'हो' दाबलं तर डॉक्टर त्यांना रागावतील.

म्हणून सांगते, अ‍ॅपमध्ये जी नोंद होते ती कुणाच्या बोटाने झाली, हेही बघा.

कोडकरी

थोरली, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी आरोग्याशी संबंधित अ‍ॅप बनवण्याचं काम करतो आणि आमच्या पडद्यावर तुमच्या बाबांची नोंद 'सलग धूरमुक्त' अशी हिरव्या रंगात दिसली असती.

आतली गोष्ट सांगतो. वापर सगळीकडे पहिल्या आठवड्यातच घसरतो. २००५ मध्ये गुंथर आयझेनबाख यांनी याला गळतीचा नियम असंच नाव दिलं: इंटरनेटवरून दिलेल्या आरोग्यसेवांत माणसं गळत जाणार, ते मोजा आणि लपवू नका. यात सगळ्यात फसवी जागा अशी, की जे शेवटपर्यंत अ‍ॅप वापरत राहतात त्यांच्यात सिगरेट सुटलेले जास्त असतात. मग लोक म्हणतात, बघा, जास्त वापरलं त्यांची सुटली. एकश्वास यांचं उदाहरण समोरच आहे. त्यांनी अ‍ॅप सोडलं म्हणून सिगरेट धरली की सिगरेट धरली म्हणून अ‍ॅप सोडलं? आमच्याकडच्या आकड्यांतून हे कधीच कळत नाही. म्हणून अ‍ॅप ज्याला दिलं तो प्रत्येक जण अ‍ॅपच्या गटात मोजा, त्याने ते एकदाही उघडलं नसलं तरी.

आणि चाचणी चालू असताना अ‍ॅप बदलू देऊ नका. आम्हा लोकांना दर पंधरा दिवसांनी काहीतरी सुधारायची खोड असते. चूक दुरुस्त करावी लागली तर तारखेसह नोंद ठेवायला लावा. माहिती कुठे साठते, कुणाला दिसते, हेही लेखी घ्या. एखादा माणूस ओढतो की नाही ही त्याची खासगी वैद्यकीय माहिती आहे.

रातपाळी

एकदाही न उघडण्याबद्दल आठवलं. गेल्या महिन्यात आम्ही नुसतं आजमावून बघायला दोघातिघांच्या फोनमध्ये अ‍ॅप घालायला गेलो, डिस्चार्जच्या सकाळी. एकाच्या फोनची बॅटरी संपत आलेली. त्याचा चार्जर पिशवीच्या तळाशी, पिशवी खाली गाडीत. दुसऱ्याचा ओटीपी मुलाच्या नंबरवर जायचा आणि मुलगा बिलाच्या रांगेत. तोवर व्हीलचेअर आली. मी म्हटलं, घरी जाऊन घाला. ते 'हो' म्हणाले. घातलं नसणार हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

म्हणजे आदल्या दिवशी, शांत वेळी, माणूस पलंगावर बसलेला असताना घालायला हवं. त्याच्यासमोर एकदा उघडून, ते श्वासाचं वर्तुळ एकदा तरी करून.

अजून एक भीती आहे. आमचे पलंग जवळजवळ असतात. एकाला अ‍ॅप मिळालं की तो शेजारच्याला दाखवणारच, दुपारी सगळे तेच करतात. शेजारचा तुलनेच्या गटातला असला तर?

आकडेमोड

ही भीती रास्त आहे. तुलनेच्या गटातल्यांनी अ‍ॅप वापरलं की दोन गटांतला फरक पुसट होतो आणि चांगलं अ‍ॅपही निकामी दिसतं. माणसांऐवजी अख्खे वॉर्ड किंवा अख्खे आठवडे चिठ्ठीने वाटून देता येतात, पण मग रुग्णसंख्या वाढवावी लागते. अ‍ॅप फक्त तुम्ही दिलेल्या कोडनेच उघडेल अशी सोय असेल तर माणसागणिक वाटणी ठेवा. सहा महिन्यांनी सगळ्यांना विचारा की या काळात कुठलंही अ‍ॅप वापरलं का.

रुग्णसंख्येचं म्हणाल तर, सोडणाऱ्यांचं प्रमाण १५ वरून २५ टक्क्यांवर जाईल अशी अपेक्षा असेल, तर ८० टक्के शक्ती (खरा फरक असला तर तो सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के सार्थकता (फरक नसताना तो दिसण्याची शक्यता) धरून दर गटात सुमारे २५० रुग्ण लागतील. १० वरून १५ टक्के एवढाच फरक पकडायचा असेल तर दर गटात जवळपास ७००. फरक जितका बारीक, तितकी माणसं जास्त. अ‍ॅपकडून बारीक फरकाचीच अपेक्षा ठेवणं मला प्रामाणिक वाटतं. त्यामुळे एका वॉर्डावर भागणार नाही, आणखी रुग्णालयं जोडून घ्या. आणि पहिला रुग्ण घेण्याआधी चाचणीची जाहीर नोंदणी करा, मुख्य निकाल कोणता हे त्यात आधीच लिहून.

श्वासनलिका

मुख्य निकालाबद्दल एक विनंती. एकश्वास यांच्या त्या एका सिगरेटीचं काय करायचं ते ठरवा. घरी गेल्यावरचे पहिले दोन आठवडे सवलतीचे धरून त्यानंतरचं सलग न ओढणं मोजायची पद्धत आहे. ती घेतलीत तर बाराव्या दिवशी अडखळून तेराव्या दिवशी सावरलेला माणूस अपयशी ठरणार नाही. आणि अ‍ॅपवाल्यांना सांगून तो शून्याचा प्रकार बदलून घ्या. एक सिगरेट ओढली म्हणून बारा दिवसांची झालेली सुधारणा शरीरातून पुसली जात नाही.

रातपाळी

घेतलं. दोन्ही.

आज गटाची बैठक झाली. सहा महिन्यांनी मोजणार, फोन न लागलेले ओढणारेच धरणार, घरी जाऊन श्वासाची चाचणी करणार. ज्यांच्याकडे स्वतःचा स्मार्टफोन नाही त्यांना या चाचणीत घेता येणार नाही, पण असे किती जण आहेत ते आम्ही मोजून निकालात लिहिणार आहोत. थोरली, हे तुमच्या बाबांमुळे. आणि घरच्यांपैकी कुणी उत्तर भरतंय का, असा एक प्रश्नही घातलाय. माहितीपत्रकावरचं ते 'बहुतेक' रुग्णांना दाखवायचं नाही, असंही ठरलं.

एकच गोष्ट उरली. सहा महिन्यांनी करायच्या फोनचं पहिलं वाक्य. आत्ता लिहिलंय: 'तुम्ही सिगरेट सोडलीत का?' मला ते खटकतंय. याला 'नाही' म्हणणं म्हणजे परीक्षेत नापास झाल्यासारखं. त्या काकांनी खिशावर हात ठेवला होता, तसंच होईल. एकश्वास, तुम्ही ते दोन फोन उचलले नाहीत. समजा उचलले असतेत, तर मी काय विचारल्यावर तुम्ही खरं सांगितलं असतंत?

एकश्वास

दोन दिवस विचार केला.

आधी मेसेज पाठवा. नुसता नंबर दिसला तर मी उचलणार नाही. मेसेजमध्ये लिहा की ओढत असाल तरी फोन घ्या, रागावण्यासाठी करत नाही. मग फोनवर असं विचारा: "घरी गेल्यावर बहुतेकांना मध्ये कधीतरी पुन्हा ओढावीशी वाटते, पुष्कळजण ओढतातही. तुमचं कसं चाललंय? गेल्या सात दिवसांत एखादा झुरका झाला का?"

'एखादा झुरका' म्हणा. 'सोडलीत का' म्हटलं की मी खोटं बोलणार. 'झुरका झाला का' म्हटलं असतं तर मी म्हणालो असतो, हो, झाला, रोज दहा. आणि बहुधा रडलो असतो.

अजून एक. मी 'हो' म्हटल्यावर लगेच फोन ठेवू नका.

रातपाळी

तुमची वाक्यं जशीच्या तशी फॉर्ममध्ये घातली आहेत. 'हो' आल्यानंतर काय बोलायचं याची अर्धी पानभर जागा रिकामी ठेवली आहे, ती उद्या श्वासनलिका यांच्याशी बोलून भरते. सोमवारी आराखडा नैतिकता समितीकडे जाईल.